कमी भाव ऐकू न येणारे काका

माणसांच्या बाबतीत इतका सढळ आणि जाहिरातींच्या बाबतीत इतका सोवळा गृहस्थ अख्ख्या गोव्यात दुसरा नसेल, हे मी कुणाशीही पैज लावून सांगतो. आमचे घरमालक, म्हणजे मी ज्यांना काका म्हणतो ते, यांनी माझ्यासारख्या आठवीत शाळा सोडून गडहिंग्लजच्या बाजूनं घाट उतरून आलेल्या माणसाला एक कागद न मागता खोली दिली. आणि त्याच काकांनी मच्छर अगरबत्तीच्या एका गरीब जाहिरातीला, जिनं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं, "तुजी लायकी कितें गो?" असं तोंडावर विचारून आपल्या वेबसाइटवरून हाकलून दिलं. पेडण्यात मी खोली शोधत फिरत होतो तेव्हा लोक माझी पिशवी बघूनच "जागा भरली" म्हणत. काकांनी पिशवी बघितली नाही, मला बघितलं, आणि विचारलं, "वाचपाक येता?" मी म्हटलं, येतंय थोडंफार. "मग रव," म्हणाले. त्या एका शब्दावर मी इतकी वर्षं राहिलोय. तरीही काकांनी हाक मारली की पहिल्यांदा मला वाटतं, आता खोली खाली कर म्हणतात की काय. परक्या मुलखात राहणाऱ्याला असंच वाटतं.

वाचायला येतं का हे त्यांनी का विचारलं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. काका मामलेदार कचेरीतून निवृत्त झाले होते आणि घरच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या उघड्या व्हरांड्यात, कॉम्प्युटर मांडून तालुक्याची वेबसाइट चालवत. म्हापशाच्या बशी कधी सुटतात, वीज कुठल्या वाड्यावर जाणार आहे, काजूला आज काय दर, कुठल्या देवळात दशावतारी नाटक, आणि कोण वारलं. बातमी टाकायच्या आधी ती मला वाचून दाखवायची आणि मी मान हलवली तरच ती जगात जायची. "ह्या आठवीक समजलें म्हणजे समेस्तांक समजलें," असं ते आल्यागेल्याला अभिमानानं सांगत, आणि त्यातूनच माझं नाव आठवी पडलं. "ए आठवी, हांगा यो." मी कारखान्यातून दमून आलो तरी हात धुऊन त्यांच्यापुढं बसायचो. कचेरीत आयुष्य घालवल्यामुळं त्यांचं पहिलं वाक्य नेहमी 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' असं निघायचं. मी डोकं खाजवलं की ते चिडायचे, पुसायचे, आणि "आज बस नाही" असं लिहायचे. मग स्वतःच खूश होऊन म्हणायचे, "पळय, किती सोपें!" जणू मीच तीस वर्षं त्यांना सोपं लिहू दिलं नव्हतं.

कॉम्प्युटरचा मान मोठा. आंघोळ, कपाळाला गंध, मग यंत्रावरचं भरतकामाचं फडकं दोन्ही हातांनी उचलायचं, अगदी भजनी मंडळात पेटीवरचं उचलतात तसं. पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला आणि त्यानं भोंगा वाजवला तर त्याला बोटानं गप्प करायचं. काकी, कारापूरची माहेरवाशीण आणि तोंडाची फटकळ, आतून म्हणायची, "देवाची पूजा पांच मिनिटांत जाता, आनी ह्या डब्याची सकाळभर! देवाक निदान दिवो तरी लायतात, हो डबो आमचीच वीज खाता." काका फडक्याची घडी घालत राहायचे. बायकोचं बोलणं ऐकू न येणं ही त्यांची जुनी विद्या होती. आणि या विद्येनंच पुढं घात केला, म्हणून ती नीट सांगायला हवी.

गावच्या देवळात जत्रेनंतर पावणी होते. देवाला वाहिलेले नारळ, केळ्यांचे घड, कोहळा, सगळं सभामंडपात पुकारून लिलावात काढतात, आणि जो पैसा येतो त्यावर देवाचा दिवा वर्षभर जळतो. ही पावणी पुकारायचा मान काकांचा. मी एकदा बघायला गेलो होतो. एका नारळाला कुणीतरी मागून किरकोळ भाव बोललं. काकांनी कानामागं हात धरला, छताकडं बघितलं, आणि म्हणाले, "पावसाचो आवाज जालो काय रे?" लोक हसले. त्या माणसानं लाजून भाव वाढवला. पुन्हा काकांनी कान चोळला. तेवढ्यात समोरच्या वाड्याचे एक थोराड गृहस्थ ईर्ष्येला पडले, त्यांच्यावर दुसरे पडले, आणि बाजारातल्या साध्या नारळाला असा भाव आला की माझा महिन्याचा ओव्हरटाइम त्यात बुडाला असता. परत येताना काका मला म्हणाले, "उणो भाव आयकलो की देव ल्हान जाता. कानच दिवंचो न्हय." म्हणजे कमी भावाला कान द्यायचाच नाही.

वेबसाइटवर जाहिराती आणल्या त्या त्यांच्या फोंड्याच्या भाच्यानं. तो कॉम्प्युटरचं काम करतो. जाहिराती पुरवणाऱ्या एका कंपनीशी त्यानं साइट जोडून दिली आणि मामांना समजावलं, की कुणी पान उघडलं की त्या पानावरच्या जागेचा डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात लिलाव होतो, जास्त बोलेल त्याची जाहिरात तिथं दिसते, आणि त्यातला वाटा आपल्याला येतो. भाच्याला वाटलं मामांना हे समजायला जड जाईल. मामा तर टुणकन उठून उभे राहिले. "म्हणजे पावणी!" म्हणाले. भाचा हसला, म्हणाला, हो, तसंच काहीसं. त्या पोराला बिचाऱ्याला काय ठाऊक, की आपण हसता हसता एका भल्या माणसाच्या हातात काय देऊन चाललोय.

त्या दिवसापासून काकांची पूजा लांबली. आता गंध लावून झाल्यावर आधी आलेल्या जाहिरातींची झडती. भाच्यानं दाखवून ठेवलं होतं, की नको असलेली जाहिरात कशी अडवायची, कुणी किती दिले ते कुठं बघायचं. मग काय! फिनेल आलं, फिनेलचे पैसे बघितले, काकांनी नाक दाबलं, आणि फिनेल गेलं. शिलाईचा क्लास आला, "धाग्याच्या मोलान आयली," गेला. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. एका खुर्चीवर एक कुटुंब हसत बसलेलं होतं, त्यांना सुद्धा उठवलं. केसांच्या कलपाची जाहिरात एका टक्कल असलेल्या म्हाताऱ्याच्या निधनवार्तेखाली दिसली, तेव्हा मात्र मलाही हसू आवरेना, आणि ती घालवली हे बरंच झालं. पण पापडाची घालवली तेव्हा काकी बाहेर आली. "त्या पापडान तुमचें कितें केलां?" काका म्हणाले, "त्या भावांत धूप पसून येना." काकी म्हणाली, "धूप येना, पण चाराणे येताले मरे! भिकारी पसून चाराणे उडयना!" काकांनी छताकडं बघितलं. पाऊस पडत नव्हता.

मी घाबरत घाबरत एकदा म्हणालो होतो, "काका, येऊ द्या की. आमच्यासारखीच गरीब दिसत्यात." "तूं माणूस," म्हणाले. "माणसाचो भाव करपाचो नासता. वस्तूचो करपाचो आसता. हांतूं घोळ घालूं नाका." असं बोलणाऱ्याशी काय भांडायचं? त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

आता कुणी विचारेल, एवढं होतं तर पेन्शनमधून साइट चालवायची, जाहिराती हव्यात कशाला. तिथंही काकांचं तत्त्व आडवं. पूर्वी देवळाच्या समितीतल्या एकानं एका वर्षी देवाच्या दिव्याचं तेल स्वतःच्या खिशातून घातलं. पुढच्या वर्षी त्याचं नाव भिंतीवर लागलं, त्याच्या पुढच्या वर्षी आरती त्याच्यासाठी थांबायला लागली. काकांनी तेव्हापासून धडा घेतला होता: ज्याचं तेल, त्याचा देव. साइट गावाची, ती गावाच्या पावणीवरच चालायला हवी, नाहीतर ती काकांची होईल. हा विचार मला आजही चुकीचा वाटत नाही. चुकीचं ते हेच, की चांगल्या विचारालाही जगात भाड्याची जागा लागते, आणि वर्ष संपलं की ते भाडं मागायला कुणीतरी येतंच.

यात माझं काय अडकलं होतं, ते सांगतो. परशा माझ्या गावचा, माझ्याबरोबरच घाट उतरलेला. एका बांधकामावर होता. पायाड, म्हणजे बांधकामाची परांची, सुटला आणि तो वरून पडला. कंत्राटदारानं गाडी करून दिली, मयत गावाकडं पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरा माणूस चढवला. पेपरात आलं असेल म्हणून मी टपरीवर उभा राहून सगळी पानं चाळली. एका ठिकाणी एक ओळ होती: परप्रांतीय मजूर ठार. नाव नव्हतं. बैल मेला तरी गावात निदान कुणाचा ते विचारतात. मी खोलीत येऊन बसलो होतो तर काकांची हाक आली. गेलो. त्यांनी यंत्रावरचं फडकं काढलेलं होतं, संध्याकाळची वेळ असून. "नांव सांग," म्हणाले. "बापायचें सांग. आवयचें सांग. गांव सांग." आईचं नाव आजवर मला कुणी कुठल्या खिडकीवर विचारलं नव्हतं. मग विचारलं, "कसो आसलो?" मी म्हटलं, हलगी चांगली वाजवायचा, आणि उन्हाळ्यात कुणाचंही पाण्याचं पिंप उचलून द्यायचा. त्यांनी ते सगळं लिहिलं. 'सर्व संबंधितांस' वगैरे काही नाही. मला वाचून दाखवायला लागले, आणि मला काही केल्या मान हलवता येईना.

ते पान गावाकडं परशाच्या आईनं शेजारच्या फोनवर बघितलं. तिला वाचता येत नाही. पण पोराचं नाव कुठं लिहिलंय ते तिनं बोटानं ओळखून ठेवलं, आणि रोज सांजेला शेजारणीकडं जाऊन ती ते उघडायला लावायची. त्यानंतर त्या पानावर आमच्यातली बरीच नावं चढली, बेळगावकडची, चंदगडची. काकांच्या साइटवरच्या निधनवार्तांत गावचे शेटजी आणि आमचा परशा एकाच अक्षरात, एकाच मापात. गावातल्या एकदोघांना ते रुचलं नाही. त्यांचं बोलणंही काकांना ऐकू आलं नाही.

तर त्या सगळ्या नावांचं छप्पर म्हणजे ती साइट, आणि साइटचं भाडं, म्हणजे ती जिथं ठेवलेली असते त्या कंपनीचे वर्षाचे पैसे, जाहिरातींवर. आणि काका तर एकेक जाहिरात अडवून दमले. रोज दहा घालवाव्यात तर वीस येत. शेवटी त्यांनी भाच्याला फोन लावून विचारलं, ह्या उण्या भाववाल्यांना दारातच एकदम थांबवायची काही सोय आहे का? भाचा म्हणाला, "आहे मामा, अमुक भावाच्या खाली बोलूच नका असं सांगून ठेवता येतं. पण जपून हां. खालचे बोलायचे थांबले की जागा रिकामी राहते. थोडे दिवस करून बघा, एकूण पैसे किती येतात ते बघा, नाही जमलं तर परत खाली आणा." काका म्हणाले, "देवाची पावणी कोण करून पळयता रे?" आणि भाव असा काही चढवून ठेवला, की भाच्यानं फोनवर तो आकडा दोनदा विचारून घेतला.

पहिले काही दिवस काकांनी अंगणात पाय ठेवला नाही, हवेत ठेवला. येणारी एकेक जाहिरात पूर्वीच्या कितीतरी पट देत होती. त्यांनी बाजारातून खाजं आणलं, आलं-गुळाचं, जत्रेत मिळतं ते, आणि जत्रा नसताना वाटलं. "भाव पळय, आठवी, भाव!" मी भाव बघितला. मग पान बघितलं. पूर्वी जिथं फिनेल, खुर्च्या, पापड दाटीवाटीनं बसलेले असत, तिथं नुसती पांढरी जागा. शंभर गिऱ्हाइकं हाकलून एकाला साखर जास्त भावानं विकली, तर दुकान चालतं का? हे मला कळत होतं, काकीला कळत होतं, पोदेरालाही कळलं असतं. काकांनाही कळत असणार, कारण ते एकूण रकमेचा आकडा बघायचा सोडून भावाचाच आकडा मोठ्यानं वाचायला लागले. देवळात त्यांनी कान झाकले की कुणीतरी ईर्ष्येला पडायचं, कारण तिथं समोर देव असायचा आणि शेजारी भाऊबंद बघत असायचे. इथं बोलणाऱ्याला देव ठाऊक नव्हता की पेडणं ठाऊक नव्हतं. ऐकू आलं नाही तर तो निघून जायचा, बस.

आणि मग त्या चढ्या भावालाही सहज परवडणारे आले. त्यांना आम्ही ओळखलं नाही, कारण ते आमच्या फोनवर दिसायच्या आधी तिकडं गावात दिसले. परशाच्या आईचा फोन आला. "आरं, त्या काकास्नी सांग की जरा. माझ्या लेकराच्या नावाखाली पत्तं नाचाय लागल्यात. एक बाई पैसं उधळतीया. शेजारीण म्हणती, जुगाराचं हाय. माझ्या पोरानं आयुष्यात कधी पत्ता हातात धरला न्हाई रं." मी हे काकांना कसं सांगितलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की त्यांनी छताकडं बघितलं नाही. त्यांना ते पहिल्या खेपेलाच ऐकू आलं.

पापड गेला होता, फिनेल गेलं होतं, गरिबाला शिलाई शिकवणारी बाई गेली होती; राहिला होता फक्त जुगार आणि आधार कार्डावर मिनिटात कर्ज देणारे. ज्यांना कमी द्यायचं होतं ते प्रामाणिक होते, त्यांच्याकडं तेवढंच होतं. कुणी साइटवाल्यानं उद्या मला विचारलं, कमी पैशाच्या जाहिराती अडवाव्यात का, तर मी आठवी शिकलेला माणूस एवढंच सांगेन: लाज वाटेल ती अडवा, कमी देईल ती नको. पण मला विचारणार कोण.

त्याच दिवशी काकांनी सगळ्याच जाहिराती बंद केल्या. एकही नको. मी म्हटलं, काका, आम्ही पोरं वर्गणी काढतो. ते असे काही चिडले, की मला खोलीच गेली वाटली. "तुमचे कडल्यान पयशे घेवन तुमच्याच मेल्ल्यांचीं नांवां बरोवं?" म्हणजे आमच्याच पैशानं आमच्याच मेलेल्यांची नावं लिहायची का. परत पापडाला बोलवा म्हटलं, तर म्हणाले, "भायर काडिल्ल्याक खंयच्या तोंडान आपोवं?" एका पापडाची माफी मागायची त्यांना लाज वाटत होती! त्यात महिने गेले. भाडं थकल्याची सूचना आली, दुसरी आली. शेवटी काकी पेन्शनचं पासबुक त्यांच्यापुढं आपटून गेली, आणि जन्मात पहिल्यांदा काका खिशातून तेल घालायला तयार झाले. भाच्याला फोन केला. भाचा म्हणाला, मामा, मुदत संपली, त्यांनी सगळं पुसून जागा मोकळी केली. प्रत ठेवलीत का कुठं? काकांनी ठेवली नव्हती. कागदाच्या गठ्ठ्यांत आयुष्य गेलं, आता घरात गठ्ठा नको, असं ते म्हणत आले होते.

यंत्रावरचं फडकं आता सकाळीही निघत नाही. काका बाल्कांवात नुसते बसतात. बशीची वेळ विचारायला माणसं अजून येतात, त्यांना तोंडी सांगतात, आणि बस उशिरा आली तर आपल्यालाच बोल लागल्यासारखे उठून आत जातात. परशाची आई मला फोन करायची, पान उघडत नाही म्हणायची, आणि मी रेंज नसेल म्हणायचो. असं किती दिवस चालणार? परवा मी अंगणातच बोलत होतो. काकांनी हात पुढं केला. मी फोन दिला.

"माये," ते म्हणाले, "तें पान गेलें. माझ्या हट्टान गेलें." मग त्यांनी डोळे मिटले आणि बोलायला लागले. परशुराम, बापाचं नाव, आईचं नाव, गाव, तालुका. हलगी चांगली वाजवत असे. उन्हाळ्यात कुणाच्याही पाण्याच्या पिंपाला हात लावत असे. शब्दाला शब्द, त्या संध्याकाळी लिहिलं होतं तसंच, शुद्ध मराठीत, एक काना इकडचा तिकडं नाही.

संपल्यावर ती म्हणाली, मला बाजूला उभ्यानं ऐकू आलं, "आणिक एकदा सांगा."

काकी जेवायला बोलवायला दारात आली होती. ती तशीच उंबऱ्यावर बसली. काकांनी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं, या खेपेला जरा सावकाश.